कालचं भाषण

"पण बुवा, यात माझी चूक काय?"

प्रल्हाद निमकरचा आवाज चढला होता. सहा वर्षं तो मठात सोमबुवांच्या पायाशी बसून शिकला होता. पुढे कॉलेजात इतिहास शिकवू लागला, आणि आता गावोगाव सभा गाजवत होता. काल चौकात त्याचं भाषण झालं. सभा उठली आणि जमावाने थेट गुलाब पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान पेटवलं.



"मी विचार मांडला. काडी मी लावली नाही."

"कुठला विचार?"

"राष्ट्राचा. एक रक्त, एक आवाज. त्यात बसत नाही तो बाहेरचा."

"हा तुला मिळाला कुठे?"

"ग्रंथांत. युरोपातल्या पंडितांनी दीडशे वर्षांपूर्वीच..."

"म्हणजे बाहेरून आणलास."

प्रल्हादची कानशिलं तापली. "विचाराला गाव नसतं, बुवा."

"आणि माणसाला विचारतोस, कुठला म्हणून?"

...

बुवा उठले. त्यांनी प्रल्हादचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. भर सकाळी, लोकांच्या देखत, त्यांनी त्याला बाजारातून ओढत नेलं.

दुकानात कापूस अजून धुमसत होता. गुलाबभाई ओट्यावर बसले होते. भाजलेल्या हातांना ओलं फडकं गुंडाळलेलं. त्यांनी मान वर केली आणि प्रल्हादला ओळखलं.

"कालचं भाषण कर," बुवा म्हणाले.

"इथे?"

"शब्द न शब्द. त्याच आवाजात."

"बुवा, काल समोर पाच हजार माणसं होती..."

"विचार खरा असेल तर एक पुरे."

प्रल्हादने घसा खाकरला. सुरुवात तर तोंडपाठ होती.

"आपण सगळे..."

तो अडखळला. गुलाबभाई त्याच्याकडेच बघत होते.

"आम्ही सगळे..."

बुवांनी त्याचं मनगट सोडलं. काळवंडलेल्या ओट्यावर चढून ते गुलाबभाईंच्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांचे डोळे लालभडक झाले होते. धुराने की संतापाने, प्रल्हादला कळेना.

"बोल," ते म्हणाले. "आम्ही ऐकतोय."