जिवंत राजाचा मुखवटा

एका राज्यात राजाला दोन चेहरे असत. एक जन्माबरोबर मिळे आणि मरणाबरोबर मातीत जाई. दुसरा मरणानंतर कांशात ओतला जाई आणि पिढ्यान्‌पिढ्या टिके. हा दुसरा चेहरा, म्हणजे दिवंगत राजाचा मुखवटा, वारसाने पितृपूजेच्या उत्सवात आपल्या कटीवर बांधायचा आणि मगच स्वतःला राजा म्हणवून घ्यायचे, असा तेथील दंडक होता. मुखवट्याच्या डोळ्यांत लोखंडाची बुबुळे बसवीत, कपाळावर उभे व्रण कोरीत आणि कडेने मासे काढीत. हे मासे चिखलात आणि पाण्यात दोन्हीकडे जगणारे असत. कारण राजाही इहलोकी आणि परलोकी दोन्हीकडे वावरतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती.

मुखवटा ओतण्याचा अधिकार ओताऱ्यांच्या एकाच आळीला होता. ओताऱ्यांच्या प्रमुखाने मेणाला हात लावण्यापूर्वी राजाच्या उशाशी बसून तीनदा विचारायचे, "महाराज, आहात का?" तिसऱ्या प्रश्नालाही उत्तर आले नाही, तरच भट्टी पेटवायची. याहून अधिक काही पाहण्याचा दंडक नव्हता. पुढचा सारा अनर्थ झाला, तो याच उणिवेतून.

त्या राज्याचा वृद्ध राजा आजारी पडला. त्याला दोन अपत्ये होती. थोरली राजकन्या इसोकेन, धाकटा युवराज इयारे. इसोकेन लहानपणी ओताऱ्यांच्या भट्टीसमोर बसून राही आणि वस्त्राचा काठ जाळून घेऊन घरी येई. म्हणून राजा तिला ठिणगी म्हणे. त्याच्याखेरीज त्या नावाने तिला कोणीही हाक मारीत नसे. राजाच्या आजारपणात ती आजोळी, डोंगरापलीकडे, आपल्या आजीची शुश्रूषा करीत होती.

उत्सव जवळ आला, तेव्हा एखातोर नावाचा जादूगार युवराजाला म्हणाला, "या उत्सवात मुखवटा कटीवर आला नाही, तर तो कधीच येणार नाही. ग्रह तसे आहेत."

"पण बाबा जिवंत आहेत."

"प्रश्नाला उत्तर येणार नाही, एवढी व्यवस्था मी करतो. बाकी दंडकच तुमचे काम करील."

एखातोरने तांबड्या सुताला तीन गाठी मारल्या आणि राजाची जीभ टाळूला चिकटली. मग शुभ्र वस्त्राने राजाला झाकले आणि ओग्बेइदे ओताऱ्याला बोलावणे गेले. ओग्बेइदे उशाशी बसला. त्याने तीनदा विचारले. तीनही वेळा उत्तर आले नाही. वस्त्र छातीपाशी किंचित हलत होते. परंतु ते पाहण्याचा दंडक नव्हता, आणि त्याने पाहिले नाही.

त्याने मातीच्या गाभ्यावर मेण चढवले, मेणात राजाचा चेहरा उठवला, वर पुन्हा माती लिंपली, साचा भाजला. मेण वितळून वाहून गेले आणि त्याच्या रिकाम्या जागेत कांसे शिरले. साचा फोडला, तेव्हा मुखवटा ऊन होता. दुसऱ्या दिवशीही तो ऊनच होता. पुढेही तो कधी निवला नाही.

त्याच घटकेला शुभ्र वस्त्राखालचा राजाचा चेहरा नाहीसा झाला. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही; लाटलेल्या मेणाच्या पोळीसारखी सपाट कातडी तेवढी उरली. राजा मात्र मेला नाही. त्याची छाती वरखाली होत राहिली. युवराजाने त्याला मागच्या दालनात ठेवले, दाराला बाहेरून अडसर घातला आणि उत्सवात तो ऊन मुखवटा कटीवर बांधून तो राजा झाला.

जिवंत मुखवट्याला एकटेपण सोसेना. तो सोबतीला चेहरे ओढू लागला. सर्वप्रथम त्याने एखातोरचा चेहरा ओढला. मग दरबाऱ्यांचे, मग सैनिकांचे, मग घरोघरचे. चेहरा गेलेल्यांना मरण येत नसे. ते नुसते श्वास घेत आणि सवयीची कामे करीत राहत. त्या सपाट माणसांत एखातोर कोणता, हेही कोणाला ओळखता येईना, त्यामुळे त्याला शासन करणेसुद्धा राहून गेले.

तीन उत्सव उलटले तरी घरचा निरोप आला नाही, तेव्हा इसोकेन डोंगर ओलांडून निघाली.

वेशीवरच्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. त्याला चेहरा नव्हता. ती भाल्याखालून वाकून आत गेली. एका अंगणात एक स्त्री उखळात कंद कुटीत होती. घरात खाणारे तोंड उरले नव्हते, तरी ती कुटीत होती. तिच्याजवळ दोन मुले एकमेकांच्या हातांना हात लावून कोण कोणता ते ओळखत होती. इसोकेनने डोळे मिटले नाहीत. ती थेट पितृस्थानी गेली. तेथे पूर्वजांच्या मुखवट्यांमध्ये एक राखी पोपट बसला होता. तो राजाच्या आजोबांच्या काळापासून तेथे होता आणि त्याला सर्व भाषा येत.

"या, राजकन्ये. आजीला मिरीचा काढा मानवला ना? इकडे राज्य बुडाले, पण काढा चुकायला नको."

"टोमणे पुरेत. उपाय सांग."

"टोमणे फुकट मिळतात, उपायाला किंमत पडते. हा मुखवटा वितळला पाहिजे आणि खऱ्या मरणानंतर नवा ओतला पाहिजे. त्याला तीन वस्तू लागतील. शाल्मलीवरच्या मधमाश्यांचे मेण, जलराजाच्या दाराची माती आणि त्याच मुखवट्याचे कांसे. तीनही ठिकाणी मागतील ते द्यावे लागेल. आणि उशीर करू नकोस. तुझ्या डाव्या गालाची कड पुसू लागली आहे."

राजकन्येने गालाला हात लावला. गाल थंड आणि गुळगुळीत लागला.

अरण्याच्या मध्यभागी शाल्मली उभी होती, आणि तिच्या ढोलीत माश्या एका आवाजात बोलत.

"मेण हवे? आमच्या पोळ्याला गोडवा उरलेला नाही. ज्या नावाने तुला प्रेमाने हाक मारतात, ते नाव दे."

"ते नाव एकच माणूस घेतो. आणि त्याला आज तोंड नाही."

"मग त्याचा तुला उपयोग काय?"

इसोकेनला या उत्तराचा राग आला. तरी तिने ते नाव ढोलीत उच्चारले, आणि उच्चारताच ते तिच्या मनातून गेले. आपण काहीतरी देऊन आलो, एवढेच तिला आठवत होते. मेणाचा गोळा हातात घेऊन ती नदीवर आली.

नदीच्या तळाशी जलराजाचा महाल होता. जलराजाला पायांच्या जागी दोन मासे होते आणि ते सदैव अस्वस्थपणे वळवळत. त्याने दारापुढची काळी माती स्वहस्ते ओंजळीत घेतली, पण दिली नाही.

"माझ्या महालात आरसे पुष्कळ आहेत," तो म्हणाला, "पण त्यांत दिसायला कोणी नाही. तुझे प्रतिबिंब येथे ठेवून जा."

"मग मी स्वतःला कशी दिसेन?"

"दिसणार नाहीस. तुमच्या नगरात हल्ली कोण दिसते?"

राजकन्या हसली. त्या प्रवासात ती तेवढीच एकदा हसली. माती घेऊन ती काठावर आली आणि पाण्यात वाकून पाहू लागली. पाण्यात ढग होते, काठावरचा वेत होता, ती नव्हती.

तिसरी वस्तू दरबारात होती. रिकाम्या सिंहासनमंडपात इयारे एकटा बसला होता. धारण करणाऱ्याचा चेहरा मुखवटा ओढीत नाही, आणि घडवणाऱ्याचाही नाही. म्हणून त्या नगरात इयारे आणि ओग्बेइदे असे दोघेच पूर्ण चेहऱ्याचे उरले होते. इयारेने पोवळ्यांच्या माळा काढून टाकल्या होत्या. कटीवरच्या मुखवट्याच्या कडा मांसात रुतल्या होत्या आणि त्यांवर कातडी वाढली होती.

"ताई, तू आलीस. ओतारी सोडून किती दिवसांनी डोळे असलेले माणूस पाहतो आहे."

"बाबा कुठे आहेत?"

इयारेने कटीकडे बोट दाखवले, मग मागच्या दालनाकडे. "इथे त्यांचा चेहरा आहे, तिथे त्यांचे शरीर आहे. मी दोन्ही ठिकाणी जातो. दोन्ही ठिकाणी ते माझ्याशी बोलत नाहीत."

"मुखवटा दे."

"देण्यासारखा राहिलेला नाही. कापून घ्यावा लागेल. ओग्बेइदेला मी अनेकदा विनवले. तो म्हणतो, राजाच्या अंगाला छिन्नी लावण्याचा दंडक नाही."

राजकन्येने ओग्बेइदेला बोलावले. म्हातारा दारातच ताठ उभा राहिला.

"मी तीनदा विचारले होते, बाईसाहेब. माझ्याकडून चूक झालेली नाही."

"चूक कोणाची, ते विचारायला मी तुम्हांला बोलावले नाही, ओतारीकाका. छिन्नी द्या."

"तुम्हांला जमणार नाही."

"मग तुम्ही हात धरा."

त्याने तिचा हात धरला. इयारे एवढेच म्हणाला, "ताई, दुखते का, असे विचारू नकोस. विचारलेस, तर मी नको म्हणेन." तिने विचारले नाही. मुखवटा सुटला, तेव्हा इयारेच्या कटीवर जखम उरली नाही, खळगा उरला.

भट्टी पेटली. मुखवटा मुशीत ठेवला. भात्यावर कोण बसणार, हा प्रश्न आला. ओताऱ्यांच्या आळीत धडधाकट हात पुष्कळ होते, पण चेहरे नव्हते, आणि आग पाहिल्यावाचून भाता चालवता येत नाही. इयारे खळग्यात वस्त्र कोंबून भात्याशी बसला.

कांसे लाल झाले, तसा मुखवटा राजाच्या आवाजात बोलू लागला.

"इसोकेन, थांब. मला जाळू नकोस."

राजकन्या थांबली नाही.

"इयारे, तू तरी थांब."

इयारेने खाली मान घातली आणि भाता जोराने ओढला. लोखंडाची बुबुळे तेवढी वितळली नाहीत. ती रसावर तरंगत राहिली आणि दोघांकडे पाहत राहिली. मग कडेचे मासे विरले, कपाळ विरले, ओठ शेवटी विरले. भात्याचा आवाज आणखी थोडा वेळ चालला आणि बंद पडला. इयारे भात्यावर ओणवा झाला होता. राजकन्येने त्याचे डोळे मिटले, आणि ती मागच्या दालनाकडे गेली, कारण रडायला बसली असती तर उठणे झाले नसते.

तिने अडसर काढला. राजाला चेहरा परत आला होता. त्याची दाढी वाढलेली होती आणि डोळे उघडे होते. नगरात मात्र अजून कोणालाही चेहरा आलेला नव्हता. खिडकीत पोपट येऊन बसला.

"मुखवटा वितळला, शाप अर्धा राहिला. खोटा विचारलेला प्रश्न खरा विचारला पाहिजे. जीभ आता मोकळी आहे."

"आणि मी विचारलेच नाही, तर?"

"तर तुझा बाप तुझ्याशी बोलत राहील. खूप वर्षे. आणि अंगणातली ती बाई कुटीत राहील."

राजकन्येने मागोमाग आलेल्या ओग्बेइदेकडे पाहिले. प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याचा होता. म्हाताऱ्याने मान हलवली. "एकदा मी विचारला, तेव्हा वस्त्र हलत होते," तो हळू म्हणाला. "ते मला दिसले होते. आता माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही."

इसोकेन उशाशी बसली. बापाला बाबा म्हणण्याची सोय दंडकात नव्हती.

"महाराज, आहात का?"

"आहे, ठिणगे," राजा म्हणाला.

राजकन्येने मागे वळून पाहिले. दालनात ओग्बेइदेखेरीज दुसरे कोणी नव्हते. "काका, महाराज कोणाला हाक मारीत आहेत?"

ओग्बेइदेने तोंड फिरवले. "तुम्हांलाच, बाईसाहेब."

तिने ते नाव मनात घोळवून पाहिले. ते कोणा परक्या मुलीचे नाव वाटले. ती मुलगी भाग्यवान असावी, असेही तिला वाटले.

"महाराज, आहात का?"

"आहे. इयारे कुठे आहे?"

"भात्याशी."

"दमला का?"

"दमला, महाराज."

"त्याला रागावू नकोस. तो लहानपणापासून उतावळा." राजाने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि गुळगुळीत झालेल्या गालावरून अंगठा फिरवला. "फार पुसले गेले आहे. विचार, बाळ. मी ऐकतो आहे."

बाहेर उखळाचा आवाज येत होता. मग तिने तिसऱ्यांदा विचारले, आणि स्पष्ट विचारले, कारण पुटपुटून विचारलेला प्रश्न धरीत नाहीत.

"महाराज, आहात का?"

राजाला उत्तर देता येत होते. त्याची जीभ मोकळी होती, डोळे मुलीवर होते. त्याने ओठ मिटले आणि उत्तर दिले नाही.

या वेळी ओग्बेइदेने छातीवरचे वस्त्र पाहिले. ते हलत नव्हते.

बाहेर उखळाचा आवाज थांबला. त्या स्त्रीने मुसळ टाकून तोंडावर हात फिरवला आणि मोठ्याने मुलांची नावे घेतली. वेशीवर पहारेकरी शिंकला. नगरभर माणसे एकमेकांची तोंडे धरून पाहू लागली. जादूगारालाही चेहरा परत आला, आणि तत्क्षणी तो ओळखला गेला. त्याचे काय केले, ते येथे सांगत नाही.

ओग्बेइदेने शाल्मलीचे मेण आणि नदीची माती घेतली आणि जुन्याच कांशातून नवा मुखवटा ओतला. त्याच्या कडेला भात्यावर वाकलेली एक लहानशी आकृती त्याने काढली. कोणी सांगितले नव्हते, आणि कोणी हरकतही घेतली नाही. साचा फोडला, तेव्हा मुखवटा गार होता.

पुढल्या उत्सवात इसोकेनने तो कटीवर बांधला आणि लोकांनी तिला राज्ञी म्हटले. तेव्हापासून त्या राज्यात प्रश्न विचारणाऱ्याने प्रथम वस्त्र दूर करावे आणि राजाच्या छातीवर हात ठेवावा, असा दंडक झाला.

राज्ञी चेहऱ्याने वडिलांवर गेली आहे, असे सारे म्हणत. तिला ते पाहता येत नव्हते. कोणत्याही पाण्यात, कोणत्याही आरशात ती नव्हती. म्हणून पूजा आटोपली, मंडप रिकामा झाला की ती मुखवटा मांडीवर घेई आणि बोटांनी चाचपडून पाही. कपाळ असे, नाक असे, हनुवटी अशी. ओठांपाशी तिचे बोट थांबे. ते ओठ मिटलेले होते आणि गार होते, आणि मिटलेले राहिले म्हणूनच त्या नगरात संध्याकाळी घरोघर माणसे एकमेकांना तोंडभरून हाका मारीत होती.