आधी पंजा कोणी उघडायचा?

रेल्वेचे डबे बोलत असत, तेव्हाची गोष्ट. सर्कशीच्या गाडीत हत्तिणीचा डबा आणि तंबूचा डबा एकमेकांना जोडायचे होते. दोघांच्या टोकाला लोखंडी पंजे होते, पण दोन्ही घट्ट मिटलेले. एक तरी उघडा असला, तरच ते एकमेकांत अडकणार होते.

“आधी तू उघड,” हत्तिणीचा डबा म्हणाला.

“मी का म्हणून? तूच उघड!” तंबूचा डबा म्हणाला.

इंजिनाने ढकललं की दोघे धाडकन आपटायचे आणि मागे सरकायचे. आतली हत्तीण घाबरून ओरडली.

“अरे, तिला लागेल!” असं म्हणत तंबूच्या डब्याने पंजा उघडला.

पुढच्या धक्क्याला खट्ट आवाज झाला आणि डबे जोडले गेले. गाडी निघाली. फाटकापाशी मुलं नाचू लागली, हत्तिणीने सोंड हलवली. दोन्ही पंजे आता सारखेच घट्ट होते. आधी कोणता उघडला, ते पाहून कुणालाच सांगता आलं नसतं.