बिनकानाचा चोर

भर दरबारात फुकटशेठने पेटी उघडली आणि मोठ्या हौसेने म्हणाला, "महाराज, खास आपल्यासाठी! कवळी घासायची पूड!"

दरबार गार! प्रधानजींना खोकला आला, सेनापती छताची नक्षी बघू लागले. दुर्गसेन महाराजांची बत्तिशी खोटी आहे, हे खुद्द महाराजांना, राणीसाहेबांना आणि महाराजांचा विडा खलबत्त्यात कुटून देणाऱ्या भागाबाईला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. कालच महाराज आपल्या महालात पुटपुटले होते, "कवळी पिवळी पडली गं!" आणि आज ही पूड हजर!

तसं हे काही पहिल्यांदा नव्हतं. राणीसाहेबांचा गुडघा दुखला की शेठ तेल घेऊन दारात. राजकन्येच्या लग्नाचा विषय निघाला की शेठ शालू घेऊन दारात. महाराजांनी त्याला 'मनकवडा' अशी पदवीसुद्धा दिली होती. पण कवळी म्हणजे फारच झालं!

"भागाबाईनेच चुगली केली!" महाराज गरजले. "हद्दपार करा तिला!"

भागाबाईची लेक चांगुणा पेठेत पिठाची गिरणी चालवायची. बातमी कळताच ती भुवयांवरचं पीठही न झटकता दरबारात आली.

"महाराज, माझ्या आईनं नाही सांगितलं."

"मग कुणी? भिंतीने? महालात आम्ही, राणीसाहेब आणि तुझी आई. कान असलेलं चौथं कुणी नव्हतं!"

"मग बिनकानाचं असेल."

महाराज हट्टाला पेटले. "असं? मग बिनकानाचा, बिनपायाचा, बिनतोंडाचा चोर उद्या दरबारात उभा कर! नाहीतर आईबरोबर तूही वेशीबाहेर!"

"करते. फक्त तुमचा महाल एकदा बघू द्या."

महालात चौरंगावर हार घातलेला कॉम्प्युटर होता. शेठने भेट दिलेला. आतलं सॉफ्टवेअरही शेठचंच, तेही फुकट. शेठ सगळंच फुकट द्यायचा, म्हणून तर त्याचं हे नाव पडलेलं!

"याच्या आत काय चालतं, ते कसं बघायचं?" चांगुणाने विचारलं.

"बघायचं कशाला? शेठ म्हणतात, आतली करणी गुप्त आहे. वापरा आणि मजा करा!"

"वा! गिरणीवर बाई दळण टाकून घरी जात नाही, महाराज. आधी मिरची दळली होती का, ते विचारते. आपलं पीठ आपल्या डब्यात पडेपर्यंत नजर हलवत नाही. पायलीभर ज्वारीसाठी एवढं! अन् तुम्ही अख्खा संसार या झाकल्या गिरणीत ओतलात?"

मग ती म्हणाली, "आईला पहाऱ्यात ठेवा. राणीसाहेबांना बागेत पाठवा. मीही जाते. तुम्ही एकटेच याच्यासमोर बसा अन् मनाला येईल ते खोटं बोला. मलासुद्धा सांगू नका."

सगळे गेले. महाराजांनी घसा खाकरला आणि कॉम्प्युटरला ठणकावून सांगितलं, "आमच्या हत्तीला थंडी वाजते! त्याला लोकरीची कानटोपी हवी!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरतो न भरतो तोच बाहेर बैलगाडी येऊन थांबली.

"महाराज," फुकटशेठ लवून म्हणाला, "आपलं सहज मनात आलं, हवा गार झालीय. रात्रभर विणकर बसवले. हत्तीसाठी कानटोपी! हिरवीही आहे, पिवळीही आहे!"

"शेठ, हे तुला कळलं कसं?"

"मी मनकवडा ना, महाराज!"

"अरे, हत्ती आमच्या मनात नव्हताच! नुसता तोंडात होता!"

चांगुणाने कॉम्प्युटर पुढे आणवला. "हा घ्या चोर! कान नाहीत पण ऐकतो, पाय नाहीत पण शेठच्या घरी जाऊन येतो, तोंड नाही पण चुगली करतो!"

शेठ जराही डगमगला नाही. "चोरी कसली? महाराजांनी स्वतः 'मंजूर'वर बोट दाबलंय. सगळ्या अटी वर लिहिलेल्या होत्या, वाचायच्या नव्हत्या का?"

"राजा कुठे वाचतो? राजा शिक्का मारतो!" महाराज म्हणाले.

"आणि महाराज," शेठ म्हणाला, "ज्याला लपवायचं काही नाही, त्याला भीती कसली?"

दरबाराने माना डोलावल्या. निम्म्या दरबाराच्या घरी शेठची अशीच भेट होतीच.

महाराज गोंधळले. "मग हा विहिरीत टाकू का?"

"यंत्रानं काय केलंय? आतली शेठची करणी तेवढी काढा. पेठेतल्या कारागिरांनी मिळून एक केलीय, ती घाला. कुणीही उघडून बघावी, सुधारावी, शेजारणीला द्यावी. शिकलेले तिला ओपन सोर्स म्हणतात, आम्ही उघडी गिरणी म्हणतो."

शेठ फिस्सकन हसला. "म्हणजे तीही फुकटच! मग माझ्यात आणि तिच्यात फरक काय?"

"विहिरीचं पाणी फुकट, अन् गळाचं गांडूळही फुकट, शेठ! विहिरीत वाकून तळ बघता येतो."

चांगुणा महाराजांकडे वळली. "शेठना शिक्षा नको, महाराज. बक्षीसच द्या. त्यांच्या माजघरात तुमचा एक माणूस फुकट बसवा. शेठ अन् शेठाणी जे जे बोलतील, ते रोज सकाळी चावडीवर दवंडी पिटून सांगायचं."

"महाराज!" शेठ पांढराफटक पडला. "अहो, घर आहे ते माझं! नवराबायकोचं बोलणं दवंडीवर?"

"का हो शेठ?" चांगुणा म्हणाली. "ज्याला लपवायचं काही नाही, त्याला भीती कसली?"

महाराज असे हसले, असे हसले, की कवळी उडून प्रधानजींच्या मांडीवर पडली! मग काय, सगळा दरबार हसला आणि महाराज बोळक्या तोंडाने सगळ्यांहून मोठ्याने हसले.

भागाबाईला सोन्याचा खलबत्ता मिळाला. चांगुणाला गिरणीसाठी नदीकाठची जागा मिळाली. हत्तीला पिवळी कानटोपी मिळाली आणि हिरवी घालून शेठ घरी गेला, कानांवरून पार खाली ओढून. राणीसाहेबांनी कपाळाची टिकली काढून कॉम्प्युटरच्या डोळ्यावर, म्हणजे कॅमेऱ्यावर, चिकटवली.

दरबार उठला तशी दरबारी मंडळी एकमेकांची नजर चुकवत पेठेकडे निघाली. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या पेठेत एक टिकली शिल्लक राहिली नाही!