बोहाड्याला गेलेला मुखवटा

एकदा एका वयोवृद्ध संग्रहालयप्रमुखांच्या हाताखाली एक शिष्या काम शिकत होती. देशाचा इतिहास, संस्कृती आणि निसर्ग एका छपराखाली आणणारे ते राष्ट्रीय संग्रहालय उभे करण्यात गुरुजींची हयात गेली होती. तिथल्या हजारो वस्तूंमध्ये शिष्येचा जीव जडला होता तो एका जुन्या लाकडी मुखवट्यावर. डोंगरातल्या एका पाड्याचा तो मुखवटा. देवांची सोंगे घेऊन नाचण्याच्या तिथल्या उत्सवाला बोहाडा म्हणत. संग्रहालयाच्या पहिल्याच वर्षी मुखवटा स्वीकारताना गुरुजींनी शब्द दिला होता, की दरवर्षी बोहाड्यापुरता तो पाड्यावर जाईल.

संग्रहालयाचा रौप्यमहोत्सव आला. देशोदेशीचे जाणकार यायचे होते आणि निमंत्रणपत्रिकेवर याच मुखवट्याचे चित्र होते. नेमके त्याच आठवड्यात पाड्यावरचे देवजी भोये तो न्यायला हजर झाले. यंदाचे वर्ष थांबा, अशी शिष्येने त्यांची परोपरीने विनवणी केली. देवजी नुसते टोपी सारखी करत उभे राहिले. गुरुजींनी स्वतः मुखवटा उतरवला, मऊ कापडात गुंडाळला आणि त्यांच्या हाती दिला.

शिष्येने धावपळ करून एका कारागिराकडून हुबेहूब प्रतिकृती घडवून घेतली आणि काचपेटीत बसवली. सोहळ्याच्या सकाळी गुरुजींनी तीही काढून ठेवली. पेटीत त्यांनी फक्त एक चिठ्ठी लावली : 'मुखवटा बोहाड्याला गेला आहे. पौर्णिमेनंतर येईल.'

शिष्येला रडू आवरेना. "गुरुजी, एवढ्या लांबून आलेल्या माणसांना आपण रिकामी पेटी दाखवायची? आपलं हसं होईल."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अगं, ज्यांची पूजा थांबली, ज्यांना घेऊन नाचणारे पाय थांबले, अशा वस्तू जगात ठिकठिकाणी काचेआड आहेत. आपल्या मुखवट्याची वाट पाहणारी माणसे अजून नांदत आहेत. याहून मोठे वैभव आपण कोणते दाखवणार? आणि राष्ट्राच्या नावाने दिलेला शब्द पाहुण्यांसाठी मोडला, तर मग राष्ट्र म्हणून मिरवायचे तरी काय?"

पाहुणे आले. एका वृद्ध परदेशी विद्वानाने दुभाष्याकडून चिठ्ठी समजून घेतली आणि शिष्येला विचारले, "ते लोक हा मुखवटा परत आणून देतात?"

मान खाली घालून उभ्या असलेल्या शिष्येला टोपी सारखी करणारे देवजी आठवले. "पंचवीस वर्षे देत आले आहेत," ती म्हणाली. "एकदाही तिथी चुकलेली नाही." बोलता बोलता तिची मान कधी वर झाली, ते तिलाही कळले नाही.

विद्वान बराच वेळ पेटीसमोर थांबले. आपल्या संग्रहालयात शेकडो मुखवटे आहेत, पण त्यांतला एकही मागायला आजवर कोणी आले नाही, असे ते हलक्या आवाजात म्हणाले. शिष्येने त्यांना बसायला खुर्ची आणून दिली आणि शेजारी उभी राहून पाड्याची, बोहाड्याची सारी हकिकत सांगू लागली.

ज्या वारशाला अजून घरून बोलावणे येते, तोच जिवंत.