बहात्तर रकान्यांचं संमतीपत्र

"सोमवारपर्यंत नऊ हजार सह्या! एक जरी कमी पडली, तर तुझी कायम व्हायची फाईल परत कपाटात जाईल," असं म्हणून कुलगुरू धारवाडकरांनी आवडाक्कापुढे कोऱ्या फॉर्मांचा ढीग आदळला.

आवडाक्का हिंगणमाळ विद्यापीठात सतरा वर्षं रोजंदारीवर शिपाई. आता कुठे कायम व्हायची वेळ आली, तर नेमका नवा कायदा आला. मुलांची खासगी माहिती ठेवायची असेल, तर ती कशाला हवी ते सांगा आणि त्यांची संमती घ्या. बघा, किती सरळ गोष्ट! पण सरळ गोष्ट सरळ केली, तर ते कुलगुरू कसले? त्यांनी संमतीच्या फॉर्मातच बहात्तर रकाने घातले आणि होती नव्हती ती सगळी माहिती नव्यानं विचारली.

पोरं फॉर्म बघायची आणि धूम ठोकायची. शुक्रवारपर्यंत सह्या झाल्या अकरा.

"जरा आखूड करा की साहेब."

"एक रकाना कमी होणार नाही. मी स्वतः बसून केलाय."

शनिवारी सगळे विभागप्रमुख बैठकीला जमले होते. आवडाक्का फॉर्म घेऊन थेट कुलगुरूंपुढे उभी राहिली.

"साहेब, तुम्हीबी इथंच शिकलात. तुमचे कागद अजून गोदामात हायेत. मग पहिली सही तुमची नको व्हय?"

विभागप्रमुखांनी हौसेनं माना डोलावल्या. आता नाही कसं म्हणणार?

"वाच," साहेब म्हणाले.

"वजन?"

साहेबांनी पोट आत घेतलं. "ते कशाला हवंय?"

"पोरंबी हेच इचारत्यात. काय सांगू त्यांना?"

साहेबांनी हात झटकला. "खोड तो रकाना."

"लग्न ठरून मोडलं असल्यास कारण?"

"खोड."

"किती वेळा नापास झालात? विषयासकट."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लालभडक झाले. "आण ते पेन इकडे!" म्हणत त्यांनी स्वतःच सपासप रेघा मारल्या. दारातल्या म्हशी गेल्या, मामाचा धंदा गेला, झोपेत घोरता का तेही गेलं. उरलं नाव, अभ्यासक्रम आणि पत्ता, अन् पुढे कशाला हवं त्याची एकेक ओळ.

सोमवारी दुपारी नऊ हजार सह्या टेबलावर हजर.

साहेबांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, "आक्का, मी किती वेळा नापास झालो, ते तुला ठाऊक होतं?"

"गोदाम सतरा वर्षं मीच झाडते साहेब."

"मग कुणाला बोलली नाहीस?"

"तुमची संमती कुठं होती?"

साहेब खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि हसता हसताच त्यांनी तिच्या कायम नेमणुकीच्या आदेशावर सही ठोकली.