दहातले किती?

फार वर्षांपूर्वी, उंच कड्याला लागून असलेल्या एका गावात एक मध काढणारा राहत होता. कमरेला दोर बांधून तो कड्यावरून खाली उतरायचा आणि पोळी कापायचा. वर दोर धरायला बायकोचा भाऊच लागायचा. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो मूठ सैल सोडत नाही, अशी त्या गावाची रीत.

पण मूठ घट्ट असून काय उपयोग? दोरच जुना झाला होता. एके सकाळी नवरा मध काढायला निघाला, तेव्हा बायकोचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दोर पारखायचा मान गावातल्या तीन म्हाताऱ्यांचा. त्यांनी दोर ओढून पाहिला, माना डोलावल्या आणि म्हणाले, "बहुतेक धरेल."

नवऱ्यानं ऐकलं, 'धरेल'. त्यानं लगेच कमरेला गाठ मारली. बायकोनं ऐकलं, 'बहुतेक'. ती म्हाताऱ्यांपुढं आली.

"बहुतेक म्हणजे किती, आजोबा? असे दहा दोर असले तर त्यातले किती धरतील?"

"नऊ," पहिला म्हणाला.

"सात धरले तरी खूप," दुसरा म्हणाला.

तिसऱ्यानं तंबाखू मळत विचार केला. "सहा. निम्म्याहून जास्त म्हणजे बहुतेकच की!"

"शब्द एक, आकडे तीन! आणि लटकणार माझा नवरा!"

"मोठ्यांना हिशेब विचारतेस?" पहिला खेकसला. "हयात गेली आमची यात!"

त्यानं माणसाच्या वजनाचा धोंडा दोराला बांधून कड्यावरून सोडायला लावला. दोर करकरला. भावाला घाम फुटला. तिनं डोळे मिटून घेतले.

दोर टिकला.

"बघ! धरला की नाही?"

"धरला ना? मग आता तुमच्या धाकट्या लेकाला उतरवा."

पहिला म्हातारा खाकरला. "त्याचं... आज पोट बिघडलंय."

धाकटा तिथंच उभा राहून भाकरी खात होता.

नवऱ्यानं मुकाट्यानं कमरेची गाठ सोडली.

त्या दिवशी पोळी कड्यालाच राहिली. म्हातारे 'हल्लीच्या सुना' म्हणत, बोटं मोडत घरी गेले. ती नवा दोर वळायला बसली.

तात्पर्य: कोणी 'बहुतेक' म्हणालं, तर दहातले किती ते विचारा, वयाची भीड धरू नका. मोघम बोलणाऱ्याच्या कमरेला दोर नसतो.