पळस फुलण्याआधीचा हुरडा

एका डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगल होतं आणि त्या जंगलात एक भेकराचं पिल्लू आपल्या आईसोबत राहत असे. पिल्लू पळायला असं वस्ताद, की वाळक्या पाचोळ्यावरून गेलं तरी पाचोळ्याला पत्ता लागत नसे. ससे त्याच्याशी शर्यत लावायचे आणि हरले की पायात काटा मोडल्याचं सोंग करायचे.

डोंगराच्या माथ्यावर पठार होतं आणि पठारावर प्राण्यांचं मोठं महाविद्यालय. तिथला धावणाऱ्यांचा संघ दरवर्षी आजूबाजूच्या जंगलांशी शर्यती खेळे. त्या संघात जावं हे आपल्या भेकराचं स्वप्न होतं, आणि ते नुसतं मिरवण्यासाठी नव्हतं बरं का. पठारावर बारमाही झरा होता, आणि संघात निवड झालेल्याच्या आईलाही त्या झऱ्यावर राहता येई, असा तिथला रिवाज होता. भेकराची आई पुढच्या एका पायाने लंगडायची. उन्हाळ्यात खालचा ओढा आटला, की ती बिचारी दूरच्या तळ्यापर्यंत खुरडत जायची. ते बघून पिल्लाच्या जिवाला लागायचं.

पण पठारावर जायचे काही नियम होते. शाळेच्या शेवटच्या वर्षी पळस फुलला, की महाविद्यालयाचे गवा गुरुजी स्वतः खाली उतरून निवड करत. त्याआधी संघासाठी पोरं गोळा करायला कुणी खाली यायचं नाही, आणि पोरांनीही तसल्या कुणाच्या हातचा घास खायचा नाही. शिवाय शाळेतला हाकांचा धडा पक्का असायला हवा. शर्यतीची वाट उंच गवतातून जायची, आणि त्या गवतात वाघ दडलेला असला तर तो इतरांच्या हाकांवरूनच कळायचा. कोणत्या झाडावरून वानर खोकलं, मोर कुणाला बघून ओरडला, हे ज्याला कळत नाही त्याने त्या गवतात पाऊल ठेवू नये, असं पठारावरची मंडळी म्हणत.

आता मुलांनो, तुम्हीही मनात म्हणाल, पळणाऱ्याला धडे कशाला? भेकरालाही अगदी तसंच वाटायचं. शाळा भरायची ओढ्याकाठच्या गोट्यांवर, आणि शिकवायच्या टिटवीबाई. आभाळ कोसळेल या काळजीने झोपेतसुद्धा पाय वर करून ठेवणाऱ्या त्या बाई, नियमांच्या बाबतीत किती काटेकोर असतील ते तुम्हीच ओळखा. हाकांच्या धड्याला त्या एकालाही सोडत नसत.

थंडी पडली. जंगलाच्या कडेच्या शेतात ज्वारी हुरड्यावर आली. अशा एका सकाळी तोंडात कोवळं कणीस धरून एक कोल्हा भेकरासमोर येऊन उभा राहिला. पठारावर आपला भारी वशिला आहे, आपण शब्द टाकला की निवड झालीच म्हणून समज, असं त्याने सांगितलं. तुझ्यासारखे पाय आपण उभ्या जन्मात पाहिले नाहीत, हेही वर सांगितलं. कोल्ह्याने त्याला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की भेकराला खालची जमीन दिसेना. "मला मामा म्हण," कोल्हा म्हणाला, "मामाच्या हातचं खायला कसला आलाय नियम?"

हुरडा गोड होता. दुसऱ्या दिवशीचा त्याहून गोड लागला. मग रोज सकाळी कोल्हेमामा कणीस आणू लागले आणि भाचेबुवा शाळा बुडवून डोंगराच्या उतारावर पळायचा सराव करू लागले. भुंकण्यात दम कशाला घालवायचा, दम पळण्यासाठी राखून ठेवावा, असं मामांचं मत पडलं. आता भेकर म्हणजे कोण? अख्ख्या जंगलाला भुंकून सावध करणारी जात! पण या पठ्ठ्याला धड भुंकताही येत नव्हतं. टिटवीबाईंनी दोनदा हटकलं, आईनेही नाकाला चिकटलेला भुसा कसला म्हणून विचारलं. गवतात लोळलो होतो, असं सांगून त्याने वेळ मारून नेली.

बघता बघता पळस फुलला आणि गवा गुरुजी दुसऱ्या दिवशी खाली उतरणार अशी वर्दी आली. त्या संध्याकाळी कोल्हा आला तो हात हलवत. आज कणीस नव्हतं, नुसता उपदेश होता. गुरुजींनी विचारलं तर काही खाल्लं नाही म्हणून सांगायचं, पोटातलं कोण बघतं? आणि एकदा संघात शिरलं, की मामा सांगेल त्या शर्यतीत पुढे राहायचं आणि मामा सांगेल त्या शर्यतीत मागे राहायचं. "नाही ऐकलंस, तर हुरड्याची गोष्ट गुरुजींच्या कानावर घालायला मला कितीसा वेळ लागतो?" असं म्हणून तो हसला.

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हे भेकराला तेव्हा कुठे उमगलं. थंडीत गोड लागलेला हुरडा आता घशाशी आला.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल ओढ्याकाठी जमलं. पळस फुलायच्या आधी कुणाच्या हातचं काही खाल्लंस का, असा एकच प्रश्न गवा गुरुजी एकेकाला जवळ बोलावून विचारत होते. भेकराची पाळी आली. समोर आई उभी होती, लंगडा पाय जरासा उचलून, आणि तिचे डोळे कौतुकाने भरले होते. करवंदीच्या जाळीतून कोल्हा डोळा मिचकावत होता. एक खोटा शब्द, की याच उन्हाळ्यात आई झऱ्यावर. पण मग त्या झऱ्याचा प्रत्येक घोट कोल्ह्याच्या मर्जीवर. मामा रागावला, की आई पुन्हा तळ्याच्या वाटेला लागणार.

"खाल्लंय, गुरुजी," भेकर म्हणालं. "पळस फुलायच्या आधी हुरडा खाल्ला, थंडीभर खाल्ला. आणि हाकांच्या धड्यालाही मी बसलो नाही."

 हे ऐकून जाळीतल्या कोल्ह्याने तिथल्या तिथे काखा वर केल्या. आपण या पोराला ओळखतही नाही, हेच आपल्या शेपटीला लागलं होतं, असं काहीबाही तो बरळला. मी ओळखत नाही म्हणणाऱ्याच्या शेपटीला पोर लागेल कसं, हे टिटवीबाईंनी विचारेपर्यंत स्वारी पसार झाली होती. गुरुजींनी त्याला पठाराची वाट कायमची बंद केली.

मग ते भेकराकडे वळले. त्यांचा आवाज मोठा असला तरी मायेचा होता. "खरं बोललास म्हणून नियम बदलणार नाही, बाळा. तुला एक वर्ष थांबावं लागेल. पण खरं बोललास, म्हणून पुढच्या पळसाला मी तुझ्यासाठी पुन्हा खाली येईन."

त्या उन्हाळ्यात आई पुन्हा तळ्याकडे खुरडत निघाली. भेकर तिच्या लंगड्या बाजूने चालायचं, चढ आला की तिला अंगाचा टेकू द्यायचं. वाटेत त्याला रडू फुटलं. माझ्यामुळे तुला हे भोगावं लागतं, म्हणून ते हुंदके देऊ लागलं. आई रागावली नाही. ती म्हणाली, "पाणी लांब आहे खरं, पण घशाखाली सरळ उतरतं."

पावसाळा संपला तसं भेकर धाकट्या पोरांसोबत पुन्हा गोट्यांवर जाऊन बसलं. पहिल्यांदा ते भुंकलं तेव्हा उचकी लागल्यासारखा आवाज आला आणि सशांची पिल्लं हसून हसून लोळली. टिटवीबाईंनी त्याच्याकडून तो आवाज घोटून घेतला. वानराचं खोकणं, मोराचं केकाटणं, सांबराची हाक, सगळं त्याच्या कानात मुरलं. थंडी पडेपर्यंत त्याचं भुंकणं पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येऊ लागलं.

पुन्हा ज्वारी हुरड्यावर आली. एका सकाळी भेकर चरत होतं तेव्हा पलीकडच्या झुडपामागून ओळखीचा आवाज आला, "मला मामा म्हण." एका चपळ सशासमोर कोल्हा उभा होता आणि पायाशी कोवळं कणीस होतं. भेकराने मान वर केली आणि ते भुंकलं. असं भुंकलं की वानरं खोकू लागली, मोर केकाटले, सांबरांनी पाय आपटले आणि अख्खं जंगल धावत येऊन कोल्ह्याभोवती उभं राहिलं. कोल्हा कणीस तिथेच टाकून असा सुसाट सुटला, की टिटवीबाई बघतच राहिल्या. एवढं पळता येतं तर हा स्वतःच का नाही गेला संघात, असं त्या म्हणाल्या. मग भेकराकडे वळून म्हणाल्या, "हुरडा घेऊन आलेल्या कोल्ह्यासाठी भुंकायचं, हा धडा काही मी शिकवला नव्हता हो."

पळस फुलला. दिल्या शब्दाला जागून गवा गुरुजी आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तर द्यायला भेकराला जराही वेळ लागला नाही. मग ते उंच गवतातून सुटलं, सगळ्यांच्या कितीतरी पुढे. निम्म्या वाटेवर कुठूनसं वानर खोकलं आणि भेकर उचललेला पाय तसाच हवेत धरून जागच्या जागी थबकलं. वानराला गुरुजींनीच तिथे बसवलं होतं. त्यांनी समाधानाने मान डोलावली, आणि निवड झाली.

त्या उन्हाळ्यात आई पठारावरच्या झऱ्यात तोंड घालून किती तरी वेळ पाणी पीत राहिली. गोड आहे का गं, असं भेकराने तीनतीनदा विचारलं. शेवटी तिने ओलं तोंड वर केलं.

"सरळ उतरलं," आई म्हणाली.

तात्पर्य : लबाडाचा घास तोंडाला गोड लागतो, पण तो खाल्ला की आपले पाय आपले राहत नाहीत, नियमाने चालून उशिरा मिळालेलं पाणीच घशाखाली सरळ उतरतं.